पावण्यांच्या कॅमेऱ्याचे गुणदोष

माझे व्याही गणपतराव यांच्याबद्दल माझ्या मनात काही राग नाही, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आता काम उरकलेलं आहे, त्यामुळं खरं सांगायला हरकत नाही. राग होता. चांगला मुरलेला होता.

मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. एक्केचाळीस वर्षांत मी अडीच हजारांवर लग्नं काढली. काढली म्हणजे त्यांचे फोटो काढले, आमच्या धंद्यात असंच बोलतात. निम्म्या कोल्हापूरला बोहल्यावर मी हसवलेलं आहे. पुढं त्यांचं काय झालं, त्याला मी जबाबदार नाही.

मग माझ्या एकुलत्या एका मुलीचं, संयोगिताचं लग्न ठरलं. मुलगा राजवीर, पुण्याला नोकरी, स्वभावानं गरीब. वडील कोडोलीचे गणपतराव. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, अंगानं माझ्या दुप्पट आणि आवाजानं चौपट. कुठं कॅमेरा निघाला की त्यांचे पाय आपोआप पुढं सरकतात. त्यात त्यांचा दोष नाही. झोपेत माणूस कूस बदलतो, तसंच ते.

लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला सांगितलं, "पावणं, तुमी मुलीचं बाप. तुमी निस्तं बसायचं. फोटोवाला आमचा, ड्रोनवालाबी हाय."

मी म्हणालो, एक कॅमेरा माझ्याही गळ्यात राहू दे, हाताला सवय आहे. तर चार लोकांसमोर हसत म्हणाले, "बापाच्या गळ्यात कॅमेरा बघून लोक काय म्हणत्याल? म्हणत्याल, पावण्यांनी फोटोचं घरातच भागवलं."

मंडळी हसली. माझी बायको शालन तेवढ्यात आतून चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला आणि माझ्याकडं एकदा बघितलं. मुलीच्या बापाला गप्प बसवायला तेवढं पुरतं.

लग्न झालं. ड्रोन उडाला, त्याच्या वाऱ्यानं अक्षता भटजींच्या डोळ्यांत गेल्या. दोन महिन्यांनी अल्बम आला, लाकडी पेटीतून, दोघांनी धरून आणावा लागेल असा. अकराशे फोटो. त्यातल्या हजारांत गणपतराव. कन्यादानाला मुलाच्या बापाचं काय काम असतं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही, पण कन्यादानाच्या चौदाही फोटोंत ते आहेत आणि मधोमध आहेत.

शालन मात्र एकाही फोटोत नाही. अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. एका ठिकाणी गणपतरावांच्या फेट्याच्या तुऱ्यामागं तिचा गजरा आहे. एका ठिकाणी त्यांच्या खांद्यावरून बांगड्यांचा हात पुढं आलाय, त्या तिच्या बांगड्या मी ओळखतो. मुलगी सासरी निघाली तेव्हा दोघी गळ्यात पडून रडल्या. त्या फोटोत गणपतराव दोघींच्या पुढं उभे राहून गाडीवाल्याला हात करताहेत.

शालननं तो अल्बम दोन वेळा पाहिला. मग पेटीत ठेवून कडी लावत म्हणाली, "मी लग्नाला आलते न्हवं?"

त्यानंतर दीड वर्षात ती गेली. भिंतीवर लावायला फोटो हुडकायला बसलो, तर माझ्याकडं अडीच हजार लग्नांतल्या बायकांचे फोटो निघाले आणि तिचा एक धड निघेना. रोज समोर होती, कधीही काढता आला असता, म्हणून काढलाच नव्हता. तो दोष माझा, तो मी गणपतरावांच्या माथी मारत नाही. पण एका दिवशी ती पैठणी नेसून, नटून, पाहुण्यांत मिरवत होती, अकराशे वेळा फोटो निघत होते, आणि त्याच दिवशी माझ्या गळ्यात कॅमेरा नव्हता. आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. फोटोग्राफरची बायको. ती त्यात कुणीतरी दम भरल्यासारखी दिसते.

तर ह्या वर्षी गणपतरावांची एकसष्टी आली.

राजवीरनं वडिलांना पुण्याहून एक कॅमेरा पाठवला. छोटा, शर्टाच्या खिशात मावणारा, डिजिटल. मध्यंतरी मोबाईलमुळं असले कॅमेरे लोकांनी कपाटात टाकले होते, आता तरुण पोरांना त्यांचं परत वेड लागलंय. गणपतराव तो खोक्यासकट घेऊन मंगळवार पेठेत आले. माझ्या घरी ते लग्नानंतर तिसऱ्यांदा येत होते. शालनच्या फोटोकडं बघून त्यांनी हात जोडले आणि फोटो जरा अंधुक आलाय म्हणाले. मग खोकं माझ्यासमोर ठेवलं.

"पावणं, ह्याचं गुणदोष बघून द्या. ह्यातलं जुनं जाणतं तुमीच की."

आठ दिवस कॅमेरा माझ्याकडं होता आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला तो आवडला. वस्तू आवडणं आणि वस्तूच्या मालकाचा राग येणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मी वेगळ्याच ठेवल्या.

वजन एवढं कमी की खिशात आहे हे विसरायला होतं. त्याहून मोठा गुण म्हणजे समोरचाही विसरतो. मोठा कॅमेरा काढला की माणूस पोट आत घेतो. हा काढला तर त्याला वाटतं, म्हातारा चष्म्याचं घर चाचपतोय. झूम तीसपट. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून मी पलीकडच्या काठावरचा भेळवाला धरला, तर तो मिरची बारीक चिरतोय की जाडी, ते कळत होतं. मागचा पडदा उलगडून वर करता येतो, म्हणजे कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालून फोटो काढायचा. लांबून बघणाऱ्याला आपण आपली बटणं बघतोय असं वाटतं.

दोषही होते. उन्हात पडदा काळाकुट्ट होतो, अंदाजानंच काढावं लागतं. दिवेलागणीनंतर चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं. बॅटरी अडीचशे फोटोंवर मान टाकते. आणि बटण दाबल्यावर तो लगेच फोटो घेत नाही, जरा विचार करतो. अर्धा सेकंद म्हणा. डोंगराचा फोटो काढणाऱ्याला अर्ध्या सेकंदानं काही फरक पडत नाही. पण आपल्याकडच्या सत्काराच्या स्टेजवर अर्ध्या सेकंदात तीन माणसं आडवी येतात.

आणखी एक गोष्ट होती. ह्या कॅमेऱ्याला एखादा चेहरा ओळखून ठेवायला सांगता येतं. राजवीरनं कौतुकानं वडिलांचा चेहरा त्यात नोंदवून पाठवला होता. मग केवढीही गर्दी असो, त्यात गणपतराव असले की पडद्यावर एक पिवळी चौकट धावत जाते आणि त्यांच्या तोंडावर बसते. बाकी लोक धूसर झाले तरी चालतील, गणपतराव स्वच्छ आले पाहिजेत, अशी व्यवस्था. मी मुद्दाम कोडोलीला जाऊन खात्री केली. वेशीवरच्या शुभेच्छांच्या फलकावर त्यांचा फोटो होता, चौकट त्याच्यावरही जाऊन बसली. तेवढ्यात एक म्हैस फलकाला अंग घासायला आली, तिचं डोकं मध्ये आलं, आणि चौकट क्षणभर घुटमळून फलकाखाली उभ्या असलेल्या भाजीवालीवर गेली.

घरी येऊन मी कागदावर लिहिलं. दोष पाचवा: नोंदवलेला चेहरा झाकला गेल्यास कॅमेरा ताबडतोब शेजारचा चेहरा धरतो. त्यापुढं 'निष्ठा नाही' असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग स्वतःसाठी चहा केला. साखर जरा जास्त घातली.

कागद मी जसाच्या तसा गणपतरावांना दिला. एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी गुण मोठ्यानं वाचले, बाहेरच्या दोघांना बोलावून परत वाचले, आणि दोष आले तशी कागदाची घडी घातली. म्हणाले, पोरानं एवढा पाठवलाय तर सगळा कार्यक्रम ह्याच्यावरच घ्यायचा. ड्रोनवाला नको. आणि आता हा कॅमेरा चालवायला माझ्याइतका सरावलेला दुसरा कोण?

"त्या निमित्तानं तुमचीबी हौस फिटंल, पावणं. लग्नात ऱ्हायली हुती न्हवं?"

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की विसरले असतील, आणि विसरलेल्या माणसावर सूड घेणं थोडं अवघड वाटत होतं. ती अडचण त्यांनी स्वतःच दूर केली. मी आनंदानं हो म्हणालो. फक्त सुचवलं, की लोकांनी मोबाईल वर केले तर कॅमेऱ्याच्या आड येतात. गणपतरावांना ते एकदम पटलं. कार्यक्रमात माईकवरून त्यांनी तीनदा बजावलं, कुणी मोबाईल काढायचा न्हाय, आमचं पावणं फोटोग्राफर हाईत. ज्यांनी तरीही काढले, त्यांनी स्वतःसकट काढले. त्या फोटोंत त्यांचीच तोंडं मोठी आली.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. चांगला फोटो कॅमेऱ्यानं येत नाही. तो "इकडं बघा" ह्या दोन शब्दांनी येतो. फोटोग्राफरनं "इकडं बघा" म्हटलं की हार घालणारा हात हवेत थांबतो, मधले लोक बाजूला होतात, नवरी हनुवटी वर करते, रडणारी मावशी रडं गिळते. स्टेजवरच्या प्रत्येक माणसाचा कान त्या शब्दांकडं लागलेला असतो. ते आले नाहीत तर कुणाला कळत नाही की फोटो कधी निघाला, आणि जो तो आपापल्या कामात राहतो. एक्केचाळीस वर्षं मी ते शब्द दिवसाला दोन-दोनशे वेळा उच्चारले. त्या दिवशी मी ते घरी ठेवून गेलो.

औक्षणापासून सुरुवात झाली. एकसष्ट दिव्यांचं ताट घेऊन गणपतरावांची बायको चिमणाबाई पुढं आल्या. मी डावीकडं सरकलो, पोटाशी कॅमेरा, मान खाली. ताट वर जाताना पिवळी चौकट गणपतरावांच्या तोंडावर थरथरत होती. ताट त्यांच्या तोंडासमोर आलं, चौकट सुटली आणि चिमणाबाईंवर जाऊन बसली. मी बटण अर्धा सेकंद आधीच दाबलेलं होतं. त्या फोटोत चिमणाबाईंच्या चेहऱ्यावर एकसष्ट दिव्यांचा उजेड आहे. ताटाच्या मागं कुणीतरी आहे, ते त्याच्या अंगठ्यांवरून कळतं.

मग गूळतुला. एका पारड्यात गणपतराव, दुसऱ्यात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. मी गुडघ्यावर बसलो आणि गुळाच्या बाजूनं काढलं. रव्यांवर रवे चढत गेले, तसे गणपतराव त्यांच्यामागं झाकत गेले. शेवटी पिवळ्याधमक गुळाच्या डोंगरावर फक्त फेट्याचा तुरा राहिला. गुळाचा फोटो म्हणून तो कुणीही बक्षीस द्यावं असा आलाय. रवे लावणाऱ्या चार हमालांची तोंडं तर कोरल्यासारखी.

त्यानंतर सत्कार. भजनी मंडळ, पाणीपुरवठा संस्था, दोन तालमी, तीन पतसंस्था, सगळ्यांनी रांग लावली. हार, शाल, नारळ. हार गळ्यात पडताना एक क्षण असा असतो की फुलं तोंडासमोरून जातात. मी तो क्षण एक्केचाळीस वर्षं चुकवत आलो होतो, त्यामुळं तो नेमका कधी येतो हे मला तोंडपाठ होतं. गणपतराव दर हाराला मान वळवून कॅमेरा हुडकत होते. पण सवय मोठ्या कॅमेऱ्याची. ते कधी लाईटकडं बघून हसले, कधी पंख्याकडं. एकदा पाणी वाटणाऱ्या बाईकडं बघून फार छान हसले.

मधेच त्यांनी मला विचारलं, चांगलं येतंय न्हवं?

"एकदम स्वच्छ," मी म्हणालो. ते खरंच होतं.

कार्यक्रमाला आलेले संयोगिता आणि राजवीर दोन दिवसांनी पुण्याला परत गेले. मी तेवढ्यासाठीच थांबलो होतो. मग गणपतरावांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीत, मोठ्या टीव्हीवर, पंधरा-वीस भाऊबंदांसमोर फोटो लावले. तीनशे अठ्ठ्याऐंशी.

पहिल्या दहा फोटोंना लोक हसले. विसाव्याला कुजबुज सुरू झाली. चाळिसाव्याला सोप्यात कुणी चहाचा घोटही आवाज करून घेईना. गणपतराव पुढं सरकून टीव्हीच्या हातभर जवळ आले.

"मी कुठाय?"

मी उठून पडद्यावर बोट ठेवलं. हा तुरा तुमचा. हा कोपर तुमचा. ह्या शालीखाली तुम्हीच.

आतल्या दारात चिमणाबाई उभ्या होत्या. त्या हळूहळू बाहेर आल्या, पदर दातांत. औक्षणाचा फोटो त्यांनी मला परत लावायला सांगितला. बराच वेळ बघितला.

"ह्यात मी हाय की," त्या म्हणाल्या. शेजारणीला हाक मारून बोलावलं. "अगं ये की. मी कशी दिसती बघ."

गणपतरावांनी टीव्हीकडं पाठ केली आणि आवाज चढवला. कॅमेराच खराब निघाला म्हणाले. पोरगं फसलं. एवढ्याशा डबीतनं काय फोटो येणार? भाऊबंदांनी लगेच माना हलवल्या. हो, हो, बारका कॅमेरा, त्याचं काय चालतंय. पावण्या-रावळ्यांत असं एक दार कुणीतरी वेळेवर उघडतं आणि सगळ्यांना अब्रूनं बाहेर पडता येतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फक्त मान हलवायची होती. मुलगी त्यांच्या घरात दिलेली. मान हलवली असती तर चहा झाला असता, लोक घरी गेले असते, आणि सूड कॅमेऱ्याच्या नावावर जमा झाला असता.

"कॅमेऱ्यात दोष न्हाय, पावणं," मी म्हणालो. "त्यो चांगला हाय. फोटो मी असं काढलं."

"मुद्दाम?"

"एकेक."

सोप्यातली मंडळी आपापल्या चहाच्या कपात बघायला लागली.

"का वो? आमी काय घोडं मारलंय तुमचं?"

"लग्नाचा तुमच्याकडचा अल्बम काढा. अकराशे फोटो हाईत. आमची शालन त्यात कुठं हाय, तेवढी दाखवा. एका फोटोत दाखवलासा, तर हे सगळं मी तुमच्या पाया पडून पुसून टाकतो."

उत्तर चिमणाबाईंनी दिलं, तेही माझ्याकडं न बघता. "न्हाय त्या. मी तवाच बघितलं हुतं. बोलायला पायजे हुतं मी."

मला वाटलं होतं, आता ते माफी मागतील आणि मी ती नाकारीन. नाकारायचं वाक्यही मी गाडीत बसून तयार केलं होतं. पण गणपतराव त्या जातीचे नव्हेत. ते ताडकन उठले, आतून फेटा आणला, बसवला, शाल खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "चला. परत काढू. आत्ताच. सगळे अंगणात चला."

अंगणात मांडवाच्या खुर्च्या अजून रचलेल्या होत्या. त्यांनी एक ओढून मधोमध ठेवली आणि बसले. भाऊबंदांना हाका मारल्या. कुणाची धारेची वेळ झाली होती, कुणाला मोटर बंद करायची होती, एकाला तर दाढदुखी सुरू झाली. बघता बघता अंगण मोकळं झालं. त्यांनी चिमणाबाईंना खुणेनं शेजारी बोलावलं.

"मला माझं फोटो घावलं," त्या दारातूनच म्हणाल्या. "तुमचं तुमी काढून घ्या."

मी कॅमेरा डोळ्यासमोर धरला. ऊन कलतं होतं, पडदा नीट दिसत होता. पिवळी चौकट सरळ जाऊन त्यांच्या तोंडावर बसली आणि हलली नाही, कारण जायला दुसरं तोंडच नव्हतं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "इकडं बघा." गणपतरावांनी छाती पुढं काढली. अर्धा सेकंद गेला.

आयुष्यात मी काढलेल्या चांगल्या दहा फोटोंत तो मोडेल. कानावरचा एकेक केस मोजून घ्यावा. मागं रिकाम्या खुर्च्यांचा ढीग, तोही स्वच्छ. त्यांनी पडद्यावर बघितलं आणि बराच वेळ कॅमेरा परत दिला नाही. मग म्हणाले, राहू द्या, छापू नका.

मी छापला. दोन बाय तीन फूट, चांगल्या चौकटीत, काचेसह. व्याह्याच्या एकसष्टीला व्याह्याचा आहेर नको म्हणता येत नाही, ते रीतीत बसत नाही. मी स्वतः कोडोलीला जाऊन सोप्यातल्या मोठ्या भिंतीवर खिळा मारला. चिमणाबाईंनी हातोडी दिली.

तेव्हापासून तिथं एक गंमत चालू आहे. एकटा म्हातारा माणूस, फेटा, शाल, मोठी चौकट, भिंतीवर उंच. बाहेरगावचा पावणा आला की आधी फोटोकडं बघतो, चप्पल काढतो आणि हात जोडतो. एकानं तर मान खाली घालून विचारलं, कधी झालं?

गणपतराव खाली खुर्चीत बसलेले असतात. ते खाकरतात.